न वाचता शिवलेली वही

वस्तू उघडून बघितल्याशिवाय मिस्त्रींना चैन पडत नसे. पोटापाण्यासाठी ते उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचे. पण घरातली इस्त्री, रेडिओ, सासूबाईंचं कानाचं यंत्र, सगळं एकदा तरी त्यांच्या हातून सुटं झालं होतं. "यांच्यासमोर जांभई द्यायची सोय नाही," बायको म्हणायची. "आत काय आहे ते बघायला येतील."

लेकीला दुसऱ्या गावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तेव्हा बायकोने सुटकेस आणली. मिस्त्री म्हणाले, "मी डायरी देतो. हाताने बांधलेली."

"तुम्हाला वही बांधता येते?"

"एक उघडून बघितली की येईल."

बळी गेला जुन्या शब्दकोशाचा. मिस्त्रींनी पुठ्ठा सोलला, पाठीवरची वाळकी खळ खरवडली आणि बघतच राहिले. इतकी वर्षं त्यांना वाटायचं, पुस्तक म्हणजे एकाखाली एक चिकटवलेली पानं. हे तर दुमडलेल्या कागदांचे छोटे छोटे गठ्ठे निघाले. प्रत्येक गठ्ठा दुमडीतून शिवलेला, आणि एकाच दोऱ्याने सगळ्यांना एकमेकांशी बांधलेलं. दोरा सुरू कुठे होतो ते सापडलं. संपतो कुठे, ते दोन दिवस भिंग लावूनही कळेना.

शेवटी शब्दकोशाचा सांगाडा पिशवीत घालून ते कोर्टामागच्या गल्लीत वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरबाईंकडे गेले. बाईंनी हातातलं काम न थांबवता नुसती मान तिरकी केली.

"गाठ शोधताय ना? दोऱ्याचं टोक शेवटच्या फर्म्याच्या पोटात ढकललंय. फर्मा म्हणजे हा दुमडलेला गठ्ठा. कुणासाठी करताय?"

"लेकीसाठी. कॉलेजला चाललीय."

बाईंनी एक कागदाची पट्टी त्यांच्या हातात दिली आणि ओली करायला सांगितली. पट्टी एका बाजूने गोल वळली. "कापडासारखं कागदालाही उभं-आडवं असतं," बाई म्हणाल्या. "आडवा लावलात तर वही सरळ उघडायची नाही. बोट चावेल."

मिस्त्रींना जन्माचं खेळणं मिळालं. घरी येऊन त्यांनी दिसेल तो कागद भिजवला: कॅलेंडरची पानं, औषधाचं खोकं, बायकोची सामानाची यादी. लेकीने खिडकीत वाळत घातलेल्या वळलेल्या पट्ट्या बघितल्या.

"बाबा, हे काय?"

"सहज."

"सहज कुणी औषधाचं खोकं भिजवतं?"

पहिली डायरी उघडेना. दुसरी मिटेना. तिसरी मात्र टेबलावर ठेवली की शहाण्यासारखी सपाट पडून राहायची. निघायच्या आदल्या दिवशी लेकीने ती हातात घेतली, वास घेतला, मग उलटी करून पाठीशी डोळे नेले. "शिवण संपते कुठे?" बायकोने कपाळाला हात लावला. "ही पण तुमच्यावरच गेली."

लेक गेली. फोनवर मिस्त्री विचारायचे, "लिहितेस का गं?"

"लिहिते."

"काय लिहितेस?"

"बाबा."

मग ते फोन बायकोकडे द्यायचे.

सुट्टीत ती आली, तेव्हा डायरी दुप्पट जाड झाली होती. आत तिकिटं, पानं, कसले कसले कागद चिकटवलेले. "मधला एक फर्मा सुटलाय बाबा. शिवून ठेवशील?" म्हणाली, आणि मैत्रिणीकडे निघून गेली.

मिस्त्रींनी डायरी टेबलावर ठेवली आणि समोर बसून राहिले. बायको दोनदा येऊन बघून गेली.

"आज हात का अडलाय?"

"ही उघडता येत नाही."

"मग शिवणार कशी?"

तीच तर अडचण होती. शिवायचं तर दुमडीशी उघडायला हवं, उघडलं की अक्षरं दिसणार, आणि आपले डोळे काय लायकीचे आहेत ते मिस्त्रींना पुरतं ठाऊक होतं. ते उठले आणि बाईंकडे गेले.

"लोक तुमच्याकडे डायऱ्या शिवायला देतात. तुम्ही वाचत नाही?"

"आधी वाचायचे," बाई म्हणाल्या. "एकदा एकीचं दुःख वाचलं. ती वही न्यायला आली तेव्हा तिच्या तोंडाकडे बघवेना मला." त्यांनी खणातून टीपकागदाचे दोन तुकडे काढले. "एक डावीकडे, एक उजवीकडे. मधे बोटभर फट. दोऱ्याला तेवढी पुरते."

घरी येऊन मिस्त्रींनी डोळे अर्धे मिटून डायरी उघडली आणि दोन्ही पानं झाकली. पण लेकीचं अक्षर पसरट. दुमडीपाशी एक शब्द फटीतून डोकावत राहिला. सतरा. सतरा काय? मुली? दिवस? की पेपरातले गुण? सुई बोटात गेली. तरी टीपकागद हलला नाही.

लेक परतली, तेव्हा ते दोरा कापत होते.

"हे कागद कशाला?"

त्यांनी सांगितलं. "तू? खरंच वाचलं नाहीस?"

"एक शब्द दिसला. मुद्दाम नाही बघितला."

"कुठला?"

"सतरा."

लेक हसत सुटली, इतकी की तिला बसावं लागलं. मग तिने स्वतःच टीपकागद बाजूला केला. "माझ्या खोलीतली मुलगी झोपेत पाढा म्हणते, सतराचा. सतरा सक एकशे दोनपर्यंत नीट जाते आणि सातवर अडते. सकाळी विचारलं तर तिला काही आठवत नाही. नऊ दिवस मी टिपून ठेवलंय, बघ. फक्त बुधवारी आठपर्यंत गेली."

"बुधवारी का?"

"तेच तर कळत नाहीये."

मिस्त्रींनी बोट पुसलं आणि खुर्ची पुढे ओढली. "मला आधी सांग, ती एकपासून सुरू करते की मधूनच?"