रविवारचं गृहखातं

तिने पिशवीवरचं लेबल मोठ्याने वाचलं, रक्तगट आणि शेवटचे आकडे सुटे सुटे करून. समोर बसलेल्या सहकाऱ्याने रजिस्टरवर बोट ठेवून तेच पुन्हा म्हटलं. मग दोघांनी अदलाबदल केली. त्याने वाचलं आणि तिने म्हटलं. एवढं झाल्यावर पिशवी शीतपेटीत गेली.

रक्तपेढीत हा नियम तिनेच आणला होता. डोळ्यांना जे हवं असतं तेच ते वाचतात, कानांना फसवणं तेवढं सोपं नाही, असं ती नव्या माणसांना सांगायची. नवी माणसं सुरुवातीला तोंड लपवून हसत, मग सवय होई. नियम आल्यापासून चुकीची पिशवी एकदाही वॉर्डात गेली नव्हती. जुने प्रमुख नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी कोण येणार ते आज दुपारी अधीक्षक सांगणार होते. ती जागा आपल्याला मिळणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. सकाळी तिने ठेवणीतली साडी काढली होती आणि वर पांढरा कोट घालताना ती चुरगळणार नाही याची काळजी घेतली होती.

"मॅडम, कालचा लेख वाचला," सहकारी म्हणाला. "मिठाचा चहा. आमच्याकडे सगळे हसून हसून लोळले."

"पुढची पिशवी घ्या," ती म्हणाली.

तिचा नवरा दर रविवारी वर्तमानपत्रात एक सदर लिहायचा. रोजच्या जगण्यातल्या गमतीजमती, सवयी, आठवणी, असं सगळं हलकंफुलकं. मुलगी बालवाडीत असताना सुरू झालेलं ते सदर मुलगी नोकरीला लागली तरी चालू होतं. त्यात तिचं नाव 'गृहखातं' होतं. गृहखातं चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधायचं. गृहखातं चुकीच्या बसमध्ये चढायचं आणि शेवटच्या थांब्यापर्यंत ड्रायव्हरलाच रस्ता समजावत बसायचं. भाजीवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे तिला ओळखत. दवाखान्यातल्या खुर्चीत तिने आ वासला असतानाच डॉक्टर म्हणाले होते, "काय गृहखातं, बरोबर बसने आलात ना?" तोंडात आरसा असलेल्या माणसाने यावर काय उत्तर द्यायचं असतं!

पहिली काही वर्षं तीही हसली. बायकोवर चार विनोद केले म्हणून कुणाचं काय बिघडतं, असं तिला खरंच वाटायचं. शिवाय लोक त्याला रस्त्यात थांबवून नमस्कार करत, तेव्हा तिचीही मान जराशी ताठ होई. पुढे हसायचा कंटाळा आला. पण एकदा हसून दिलं की मग रडायची सोय राहत नाही. "गंमत कळत नाही का तुला?" असं तो विचारायचा, आणि गंमत न कळणारी बाई व्हायची तिची तयारी नव्हती.

चहाची गोष्ट घडली होती, ते खरं. पण बरण्या त्याने भरल्या होत्या. ती रक्तदान शिबिराला गेली होती आणि घरात पाहुणे यायचे होते, म्हणून कधी नव्हे ते त्याने स्वयंपाकघरात मदत केली. साखरेच्या बरणीत मीठ ओतून, झाकण लावून, वर ओटाही पुसला. बिचाऱ्या पाहुण्यांनी कप अर्धे केले. माफी तिने मागितली. लेखात मात्र बरण्या गृहखात्याने भरल्या आणि शेवटी त्याने लिहिलं, 'दवाखान्यात दिवसभर लेबलं वाचणारं हे खातं घरी आल्यावर निरक्षर होतं.' तिचं काम लेखात पहिल्यांदाच आलं होतं.

"बरण्या तुम्ही भरल्या होत्या," काल सकाळी पेपर हातात घेऊन ती म्हणाली होती.

"अगं, नवऱ्याने मीठ घातलं तर त्यात विनोद कसला? वाचणाऱ्याला पटायला नको का?"

दुपारी अधीक्षकांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. तिने न मागता पाणी आलं तेव्हाच बातमी चांगली नाही हे तिने ओळखलं.

"तुमचे यजमान झकास लिहितात हो," ते म्हणाले.

"हो."

"तुमच्या कामाबद्दल कुणाचं दुमत नाही. मी स्वतः तुमचंच नाव पुढे केलं होतं." ते टेबलावरचा पेपरवेट फिरवू लागले. "पण आज सकाळी समितीची बैठक होती. तिथे आमचे एक विश्वस्त म्हणाले, साखरेच्या बरणीत मीठ भरणाऱ्या बाईंच्या हाती रक्त सोपवायचं का? सहज म्हणाले, वाईट हेतू नव्हता. सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू. पण हसून झाल्यावर पुन्हा तुमचं नाव घ्यायचं म्हणजे... जमेना ते."

"बरण्या मी भरल्या नव्हत्या," ती म्हणाली.

बोलून गेल्यावर ते वाक्य तिचं तिलाच ऐकू आलं. केस पिकत आलेली, अर्धं आयुष्य रक्त तपासण्यात घालवलेली बाई अधीक्षकांसमोर बसून साखर-मिठाची साक्ष देत होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, मला का कळत नाही? विनोद आहे तो," अधीक्षक समजुतीने म्हणाले. "पण लोकही वाचतात ना. उद्या काही कमीजास्त झालं तर पहिलं बोट तुमच्याकडेच जाईल. आपण यांना प्रमुख करतोय." त्यांनी सकाळच्या त्या सहकाऱ्याचं नाव घेतलं. "तुमच्याच हाताखाली तयार झालेत. तुम्ही सांभाळून घ्याल."

"घेईन," ती म्हणाली आणि उठली. पाण्याचा पेला तसाच राहिला.

घरी नवरा खिडकीपाशी कोऱ्या कागदासमोर बसला होता. येत्या रविवारला विषय मिळत नव्हता आणि तो कपाळावर बोटं वाजवत होता. तिने कोट खुर्चीवर टाकला, त्याच्यासमोर बसली आणि सगळं सांगितलं. रडायचं नाही असं तिने जिन्यातच ठरवलं होतं. ती रडली नाही.

त्याचा चेहरा उतरला. त्याने तिचा हात हातात घेतला.

"फार वाईट झालं गं," तो म्हणाला. "फारच वाईट."

तो हात त्याने बराच वेळ धरून ठेवला. इतक्या वर्षांत त्याने तिचं काही असं मध्ये न बोलता ऐकलं नव्हतं. आता समजलं याला, तिला वाटलं, आणि ठरवूनही तिचे डोळे भरून आले. तेवढं समजलं असतं तर गेलेल्या खुर्चीचं दुःखही तिने गिळलं असतं.

"ते विश्वस्त," तो हळूच म्हणाला, "नक्की कसे म्हणाले? म्हणजे, शब्द काय होते?"

त्याचा दुसरा हात कागदांखाली पेन चाचपडत होता.

तिने आपला हात सोडवून घेतला. पेन वर्तमानपत्राखाली गेलं होतं. तिने ते काढून त्याच्यापुढे ठेवलं.

"सांगते, लिहा," ती म्हणाली. "पण या वेळी जसं घडलं तसंच लिहायचं. बरण्या कोणी भरल्या तिथून सुरुवात करा."

त्याने पेनचं टोपण काढलं. कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे पाहिलं. त्याला खरोखरच अडचण पडली होती.

"पण मग यात हसण्यासारखं काय राहिलं?" त्याने विचारलं.

"शोधा," ती म्हणाली, "आजवर सापडलंच की तुम्हाला."