डावीकडची सीट

"ब्रेक, सर, ब्रेक!"

हेडसरांनी ब्रेक सोडून बाकी सगळं दाबलं. गाडीने भोंगा वाजवला, वायपर नाचवले आणि चौकातल्या गोल बागेकडे अशी निघाली, जणू आत जाऊन बाकावर बसायचंच तिच्या मनात होतं. शेवटी डावीकडच्या सीटवरून ब्रेकबाईंनी आपल्या पायाखालचा ब्रेक हाणला. गाडी कठड्याच्या अलीकडे कशीबशी थांबली. मागच्या बसवाल्याने दोघांच्याही घराण्याचा यथेच्छ उद्धार केला.

"लागला की ब्रेक," हेडसर खूश होऊन म्हणाले.

"लागला. पण माझा."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डावीकडेही एक ब्रेक असतो, एक क्लच असतो. त्या दोन पायपट्ट्यांवर पाय ठेवून ही बाई कित्येक वर्षं गावभर फिरत होती. तिला खरं नाव होतं, नाही असं नाही, पण शिकून गेलेली शंभर माणसं रस्त्यात भेटली की "काय ब्रेकबाई!" म्हणूनच हाक मारायची. तीही ओ द्यायची. सवय इतकी हाडात मुरलेली की नवऱ्याच्या शेजारी बसली तरी तिचा पाय गाडीची रिकामी जमीन दाबायचा, आणि नवरा म्हणायचा, "अगं, भोक पडेल एक दिवस."

हेडसर हे तिचे सध्याचे सगळ्यात लाडके आणि सगळ्यात कठीण विद्यार्थी. शाळेतून निवृत्त झालेले मुख्याध्यापक. बायकोला तिच्या बहिणीकडे न्यायचं, तेही मुलापुढे हात न जोडता, एवढ्यासाठी गाडी शिकायला निघाले होते. दोन महिने झाले, प्रगती म्हणाल तर जेमतेम. बाकीच्यांनी हात टेकले असते. ब्रेकबाईंना मात्र या माणसाचा लळा लागला होता.

"आज जरा लवकर सुटते सर. डॉक्टरकडे जायचंय."

"काही गंभीर?"

"छे! बायकांचं काहीतरी," ती म्हणाली. हेडसरांनी ताबडतोब आरशात बघायला सुरुवात केली.

बायकांचं काहीतरी म्हणजे असं, की तिची पाळी वर्षातून तीन-चारदा यायची, तीही मनाला येईल तेव्हा. हनुवटीवर केस यायचे, तिशी आली तरी तोंडावर कॉलेजातल्या पोरीसारख्या पुटकुळ्या. तपासण्या सगळ्या झाल्या होत्या. आज निकाल.

डॉक्टरीणबाई मोठ्या मोकळ्या. "पीसीओएस आहे," त्यांनी सांगितलं. "घाबरायचं नाही, खूप जणींना असतं. अंडाशयातून बीज वेळेवर सुटत नाही, म्हणून पाळी लांबते. पण गर्भाशयाचं आतलं अस्तर मात्र वाढत राहतं. ते वर्षानुवर्षं तसंच साचू देणं बरं नाही, पुढे महागात पडतं. मूल हवंय का आत्ता?"

"दोनेक वर्षांनी."

"मग तोवर गर्भनिरोधक गोळ्या घेऊ. पाळी वेळेवर येईल, अस्तर वाढणार नाही, केस आणि पुटकुळ्याही कमी होतील. मूल हवं असेल तेव्हा गोळ्या बंद करायच्या. यांनी कोणी कायमचं वांझ होत नाही, शेजारणी काहीही सांगोत."

"आणि वाईट काय?"

"हा चांगला प्रश्न. पहिले काही आठवडे मळमळ, छाती जड वाटणं. क्वचित कोणाला पायात रक्ताची गुठळी होते. म्हणून विचारते. सिगारेट? नाही. बीपी चांगलं आहे तुमचं. घरात कोणाला गुठळीचा त्रास? नाही. बरं, अर्धशिशी? डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा चमकतात, अर्धं दिसेनासं होतं, असं काही?"

ब्रेकबाई खुर्चीत सावरून बसल्या. "हे कशाला विचारता?"

"कारण तसं होत असेल तर ही गोळी मी हातात देणार नाही. मेंदूत गुठळी अडकायचा धोका वाढतो. लकवा मारू शकतो."

"नाही," ती म्हणाली. "तसलं काही नाही."

धादांत खोटं! होत होतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा डोळ्यांपुढे एक चमकता ठिपका यायचा, त्याची पसरत पसरत करवतीच्या दात्यांसारखी वाकडी रेघ व्हायची, आणि पंधरा-वीस मिनिटं समोरचं अर्धं जग पुसलं जायचं. मग डोक्याची एक बाजू ठणकायची. गाडी शिकवणारीच ती, तिने सरळ दोष काचेला दिला होता. समोरच्या काचेवर ऊन पडतं म्हणून डोळे दिपतात! आधी काळा चष्मा घेतला. मग काच व्हिनेगरने पुसून पाहिली. मग स्कूलच्या मालकाशी भांडून भांडून गाडीची अख्खी काच बदलून घेतली. नव्या काचेतूनही रेघा दिसल्या, तेव्हा मालकाने आणलेली काच हलकी आहे असं तिने ठरवलं. गेल्या महिन्यात मात्र घरी कपड्यांच्या घड्या घालताना, पडदे ओढलेले असताना रेघ उमटली, आणि बिचारी काच निर्दोष सुटली.

ते तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. सांगून कोणी आपणच संकट ओढवून घेतं का? गाडी शिकवणाऱ्याची दरवर्षी डोळ्यांची तपासणी होते. ती तपासणी रेघ नसताना व्हायची, म्हणून ती पास व्हायची. 'बाईंना मधूनच दिसत नाही' एवढे शब्द मालकाच्या कानावर गेले की डावीकडची सीट गेली. आणि त्या सीटशिवाय ती कोण होती?

संध्याकाळी खिडकीशी सासूबाई आणि ती समोरासमोर बसल्या. हनुवटीचे केस उपटायला घरात एकच चांगला चिमटा होता आणि तो दोघींत सामाईक होता. वयोमानाने सासूबाईंनाही चार राठ केस यायचे.

"मूल व्हावं म्हणून मूल न होण्याच्या गोळ्या?" सासूबाईंनी चिमटा रोखून विचारलं. "डॉक्टरीण शुद्धीवर होती ना?"

"आई, आधी आतलं घड्याळ ताळ्यावर आणायचं, मग मूल."

"आई, तिला घेऊ दे," दिवसभर लोकांचे फ्रिज दुरुस्त करून दमून आलेला नवरा सोफ्यावरून म्हणाला. "धोका काय सांगितला डॉक्टरांनी?"

"गुठळी. पण क्वचित. मला नाही होणार," ती म्हणाली आणि चिमटा मागायला हात पुढे केला.

"मान हलवू नको गं, कातडी ओढली जाईल," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी स्वतःच तिचे दोन केस काढून दिले. त्या प्रेमाने तिला एकदम रडू आलं. चिमटा लागला, असं तिने सांगितलं.

जेवण झाल्यावर गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन ती ओट्याशी उभी राहिली. गुळगुळीत हनुवटी, वेळेवर पाळी, एका बाजूला हे सगळं. दुसऱ्या बाजूला वाकडं तोंड आणि लुळा हात. मन म्हणत होतं, हजारो जणी घेतात, तुलाच काय होणार आहे? मग तेच मन म्हणायचं, हजारो जणींनी डॉक्टरला थापा मारलेल्या नाहीत. उद्यापासून सुरू करू, असं म्हणून तिने पाकीट डब्यामागे सारलं.

सकाळी हेडसर वेळेवर हजर. बाजाराच्या रस्त्याला लागले आणि डाव्या गल्लीतून एक सायकलवाला सुसाट आला.

"सर, थांबा! थांबा म्हणते ना!"

हेडसर आपले पुढे बघत, प्रसन्न चेहऱ्याने, सरळ निघालेले. ब्रेकबाईंनी दोन्ही पाय एकदम दाबले. सायकलवाला बॉनेटला चाटून निसटला. तिने गाडी कडेला घ्यायला लावली.

"सर, मी एवढी कोकलले! ऐकू येत नाही का तुम्हाला?"

हेडसरांनी मान खाली घातली. उभ्या आयुष्यात इतरांना मान खाली घालायला लावलेला माणूस तो. "या कानाने नाही येत," ते डाव्या कानाला हात लावून म्हणाले. "बरीच वर्षं झाली. गाडी उभी असली की मान वळवून दुसऱ्या कानाने ऐकतो."

डावा कान. म्हणजे तिच्याकडचा कान! दोन महिने ही बाई एका बंद दाराशी घसा फोडून शिकवत होती.

"मग आजवर शिकलात कसं हो?"

"अंदाजाने. तुमचं तोंड हललं की काहीतरी दाबायचं."

ती आधी आ वासून बघत राहिली आणि मग जी हसत सुटली, की डोळ्यांतून पाणी आलं. हेडसरही ओशाळं हसले. हसू ओसरलं तशी ती मात्र भडकली.

"अहो, माणूस मेला असता आत्ता! पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर मी हाताने खुणा केल्या असत्या. सोपं होतं! लपवून काय मिळवलंत?"

"बाई, सांगितलं असतं तर तुम्ही मला गाडीत घेतलं असतंत? खरं सांगा."

गालावर कोणीतरी चपराक मारावी तसं झालं तिला. ज्या भीतीने म्हातारा गप्प बसला, त्याच भीतीने ती काल डॉक्टरीणबाईंशी खोटं बोलली होती. आणि वर त्यालाच शहाणपण शिकवत होती. लाज वाटली तिला स्वतःची, अगदी मनापासून लाज वाटली.

"सर, गाडी चालू करा," ती म्हणाली. "मला दवाखान्यात सोडा."

हाताच्या खुणांवर हेडसरांनी भर गर्दीतून गाडी अशी झकास नेली, की ब्रेकबाईंचा पाय एकदाही खाली गेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "गोळी घेतलीत?"

"नाही."

"वाचलात. आणि मीही वाचले." मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. दुसरा रस्ता होता. ज्या हार्मोनमुळे तो धोका वाढतो, ते नसलेल्या गोळ्या दर दोन-तीन महिन्यांनी थोडे दिवस घ्यायच्या, म्हणजे पाळी येऊन अस्तर उतरेल. नाहीतर गर्भाशयात बसवायचं एक छोटं साधन होतं. ब्रेकबाईंनी गोळ्या निवडल्या.

"या गोळ्यांनी दिवस राहायचे थांबत नाहीत हां, त्याची सोय वेगळी करा," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "आणि केस काही यांनी कमी व्हायचे नाहीत. तेवढा फायदा गेला. रोज चालायला लागा, दिवसभर बसून असता. डोकेदुखीसाठी एक डॉक्टर सुचवते. रेघ दिसली की गाडी थांबवायची, ती पूर्ण जाईपर्यंत. आणि मालकांना सांगायचं, तेही तुमच्याच तोंडाने."

मालकाला तिने त्याच दिवशी सगळं सांगून टाकलं.

"काच बदलायला लावलीस तू मला!"

"हो दादा."

"दोनदा बदलणार होतो मी!" तो ओरडला, आणि मग त्याचा आवाज खाली आला. "तू माझी सगळ्यात चांगली माणूस आहेस. पण हायवेचे तास तुझ्याकडे नाही ठेवता यायचे आता. डॉक्टर लिहून देईपर्यंत गावातले रस्ते आणि मैदान. चालेल?"

हायवेचा तास तिचा जीव की प्राण होता. माणूस पहिल्यांदा चौथा गिअर टाकतो आणि त्याचा चेहरा खुलतो, तो शेजारी बसून बघावा. "चालेल," ती म्हणाली.

घरी नवरा आधी चिडला. "मला का नाही सांगितलंस? मी कोण, रस्त्यावरचा?" आणि मग किती तरी वेळ तिचा हात धरून बसला. सासूबाईंना तिने सगळं समजावून सांगितलं, तर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हणजे केस राहणारच?"

"राहणारच, आई."

"मग आणखी एक चिमटा आण बाई. माझी पाळी तुझ्यामुळे खोळंबते."

हेडसरांच्या परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, पोस्टासमोरच्या रस्त्यावर, भर दुपारी ठिपका आला. ती ओळखीची चमक कडेकडेने पसरायला लागली. ब्रेकबाईंनी दीर्घ श्वास घेतला आणि हाताने डावीकडे खूण केली. हेडसरांनी आरशात पाहिलं, सिग्नल दिला, गाडी रस्त्याच्या कडेला अलगद लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. आजवर त्यांना इतकं नीट कधी जमलं नव्हतं.

"माझ्या डोळ्यांपुढे रेघा आल्यात सर," ती म्हणाली. "थोडा वेळ मला नीट दिसणार नाही."

"बरं," हेडसर म्हणाले, आणि हाताची घडी घालून बसले.

तिने डोळे मिटून मान मागे टेकली. बाहेरून गाड्या जात होत्या, कोणीतरी भोंगा वाजवून गेलं. थोड्या वेळाने खिडकीच्या काचेवर टकटक झाली. ट्रॅफिक हवालदार होता.

"काय आजोबा, इथे का थांबलात? गाडी बंद पडली का? बाई झोपल्यात की काय?"

हेडसरांनी काच खाली केली. वर्गात मधेच कोणी डोकावलं की ज्या आवाजात ते बोलत असतील, त्याच आवाजात म्हणाले, "हळू बोला. तास चालू आहे."