घोडीचा तंग

मयूरीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. "सर, सातवा महिना आहे. कंबर फार दुखते, गोळ्या नकोत. सासूबाई सारंगखेड्याच्या बाबाकडे नेणार म्हणतात. पुस्तकात काही उपाय आहे का?" शहाद्याच्या वाचनालयात ती शाळकरी असल्यापासून येई. फोनवर मी बुजतो, म्हणून पत्र. पण बाईच्या कमरेबद्दल मी, एकटा म्हातारा ग्रंथपाल, काय लिहिणार? पत्र खूण म्हणून पुस्तकात राहिलं.

तीन आठवड्यांनी तिचा नवरा पुस्तकं परत द्यायला आला. "पाठ भाजली तिची. बाबा म्हणतो, भोगच मोठा होता."

दुसऱ्या दिवशी मी सारंगखेड्याला गेलो.

मांडवात पोटुशा बायका रांगेत उभ्या होत्या. करणसिंगबाबा ओरडत होता, "घोडी गडी पाठीवर वाहते, तिची कंबर दुखते का? तिचा तंग बांधा, वेदना वाफ होऊन जाईल!" घोडीनं हे त्याला कधी सांगितलं, कुणी विचारत नव्हतं. खोगिराचा तो पट्टा कमरेवर दाबून तो तीर्थ ओती, खरंच वाफ निघे, आणि बायका हात जोडत.

पट्ट्याच्या शिवणीतून पांढरी पूड गळत होती. सातवीच्या विज्ञानातला धडा आठवला. मी पुढे घुसलो.

"ओ भाऊ, लाइन मोडू नका!" रांगेतल्या वत्सलाबाई खेकसल्या. "मन्ही सूननी कंबर मोडी ऱ्हायनी!"

त्यांची सून रुपा पाठ धरून उभी होती. मी तंग उचलला.

"बाबा, आधी तुम्ही हातात धरून दाखवा."

सगळे बघत होते. त्याला धरावा लागला. तीर्थाचा तांब्या मीच ओतला.

"घट्ट धरा, बाबा. वेदना निघतेय."

तो घामेजला. "पुरे!"

"भोग मोठा दिसतो," मी म्हणालो.

किंचाळून त्यानं तंग आपटला. शिवण उसवली, आत कळीचा चुना फसफसत होता. पाणी पडलं की चुना तापतो, एवढाच सारा चमत्कार.

"अरे, हाऊ ते चुना शे! घरले लावाना!" वत्सलाबाईंनी रुपाला मागे ओढलं. "बाबा, आते तुन्हीच कंबर बांध!"

त्याच्या तळहातावर फोड उठत होता. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

परतताना आरोग्य केंद्रात शिरलो. नर्स रुक्मिणीबाईंना विचारताना कान तापले, पण सगळं लिहून घेतलं. रात्र व्हायच्या आत पत्र पुरं झालं:

"मयूरी, उशीर झाला, माफ कर. कुशीवर झोप, गुडघ्यांमध्ये उशी घे. हंडा उचलू नकोस, फार वेळ उभी राहू नकोस. बसताना पाठीला टेका दे. रोज थोडं चाल. भाजलेलं बरं झालं की कोमट शेक चालेल, चटका बसेल असा नाही. व्यायाम नर्सबाई दाखवतील. कळा थांबून थांबून आल्या, रक्त किंवा पाणी गेलं, तर लगेच दवाखाना गाठ. यापुढे कुणी वाफ दाखवली, तर आत काय आहे ते आधी विचार. मलाही विचार. आता उत्तर देईन."

तिकीट लावलं. पेटीपाशी हात जरा अडखळला. मग पत्र आत पडल्याचा आवाज आला.