राजूरच्या अकरा बाटल्या

राजूरहून परत आलेल्या अकराही बाटल्यांत नऊ-नऊच गोळ्या उरल्या होत्या. शैलानं तिसऱ्यांदा मोजल्या, तरी नऊच. आता आली का पंचाईत!

कारण पोरं कसली, तर दोन मिनिटं एका जागी बूड न टेकणारी. अतिचंचल म्हणूनच तर ती या अभ्यासात घेतलेली. कुणी गोळ्या सांडल्या असतील, कुणी थुंकल्या असतील, कुणाच्या आईची वेळ चुकली असेल. काहीतरी कमीजास्त निघायलाच हवं होतं. सगळ्यांच्या बरोबर नऊ कशा उरतील?

हे साल दोन हजार तीन. शैलाचा होमिओपॅथीचा दवाखाना जालन्यात, मस्तगडला. दवाखाना मूळचा सासऱ्यांचा, भालचंद्रअण्णांचा. चाळीस वर्षं त्याच खुर्चीत बसून त्यांनी पांढऱ्या गोळ्या दिल्या. पोर शांत झालं की म्हणायचे, गुण आला. नाही झालं की औषध बदलायचे. शैलाला हे काही पटत नसे. खरंच गुण येतो का, हे एकदा छातीवर हात ठेवून सांगता यावं, एवढंच तिला हवं होतं.

म्हणून तिनं चोवीस मुलं निवडली, त्यातली अकरा राजूरची. निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्यांत नुसती साखर. बाटल्या औरंगाबादच्या मैत्रिणीनं भरल्या आणि कुणाला कुठली, ती यादीही तिनंच बंद करून ठेवली. आयांपासून शैलानं काहीच लपवलं नव्हतं. दर संकष्टीला बायका राजूरच्या गणपतीला यायच्याच, तेव्हा देवळाजवळ बसून ती नव्या बाटल्या द्यायची. असे सहा महिने गेले, आणि उरलेल्या गोळ्या तिनं पहिल्यांदा मोजल्या त्या शेवटच्या महिन्याच्या. पंधरा दिवसांनी औरंगाबादला डॉक्टरांसमोर निबंध वाचायचा होता, आणि अण्णांनी तर अर्ध्या जालन्याला सांगून ठेवलेलं.

शैला दुसऱ्याच दिवशी राजूरला गेली, थेट द्वारकाबाईच्या ओसरीवर. द्वारकाबाईची सात वर्षांची बेबीनंदा याच अकरांपैकी.

"द्वारकाबाई, खरं सांगा. गोळ्या कशा दिल्या?"

"तुम्ही सांगितल्या तशाच की. दोन टाइम."

"बाटलीतूनच ना?"

"न्हाई, डब्यातून." द्वारकाबाईनं फडताळातला स्टीलचा डबा आणून पुढं ठेवला. "संकष्टीला बाटल्या घेतल्या की साऱ्या ह्याच्यात वतायच्या अन् हलवायच्या. सकाळ-संध्याकाळ अकराही पोरं हितंच बोलावून देऊन राह्यलो. उरल्या त्या सारख्या वाटून ज्याच्या त्याच्या बाटलीत."

"अहो, पण का?"

"तुम्हीच म्हन्ल्या ना, निम्म्या बाटल्यात औषध न्हाई? मंग पंगतीत एकाच्या पानावर वाढायचं अन् शेजारच्याचं पान कोरडं ठेवायचं? हे आम्हाला बिलकुल जमत न्हाई, बाई."

शैलाच्या डोक्यात तिडीक गेली. सहा महिने पाण्यात! पण द्वारकाबाईच्या चेहऱ्यावर चोरी केल्याची खूणसुद्धा नव्हती. मग शैलाला स्वतःचाच राग आला. समजावून सगळं सांगितलं, पण ऐकून या बायका काय करतील, हे काही तिनं विचारलं नव्हतं.

अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरं सुधारली आहेत ना? मग कशाला उकरून काढतेस? बाटल्या कुणी पाहिल्या आहेत?"

"मी पाहिल्या आहेत, अण्णा."

"माझी चाळीस वर्षं आहेत यात, शैला."

"म्हणून तर खोटं जोडायचं नाही त्यांना."

अण्णा उठून आत गेले. शैलाला वाईट वाटलं, खूप वाटलं, पण निबंध मागे घेतल्याचं पत्र तिनं त्याच संध्याकाळी लिहिलं. जे घडलं ते डब्यासकट लिहिलं. मग नवा कागद घेऊन आखणीला बसली.

पुढच्या संकष्टीला ती पुन्हा देवळाजवळ हजर. अकराही आया आल्या होत्या.

"या वेळी सगळ्या पोरांना औषध मिळणार," ती म्हणाली. "पण एका पंगतीला नाही. काहींना आधी चार महिने औषध, मग एक महिना काहीच नाही, मग चार महिने साखर. काहींचं उलट. कुणाची पंगत कधी, हे मलाही ठाऊक नाही."

"म्हंजी कुनाचंच पान कोरडं न्हाई राहणार?" द्वारकाबाईनं विचारलं.

"कुणाचंच नाही. पण बाटल्या मिसळायच्या नाहीत."

द्वारकाबाईनं बेबीनंदाची बाटली हातात घेऊन फिरवून पाहिली. "अन् दोन्ही पंगतीला पोरगी सारखीच राह्यली तर?"

"तर तसं लिहायचं."

"सासऱ्याला चालंन?"

"त्यांना सांगूनच आलेय."

द्वारकाबाईनं पिशवीतून तो स्टीलचा डबा काढून शैलाच्या मांडीवर ठेवला.

"मंग हा नऊ महिने तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, बाई. घरात असला तं माझा हात थांबायचा न्हाई."