अठ्ठावन्नवर अडलेला काटा

नितेश माझा सख्खा दीर. नवरा गेल्यावर मुलुंडच्या दोन खोल्यांत आम्ही दोघांनी जेवण पुरवायचं काम उभं केलं. स्वयंपाक माझा, पोचवणं त्याचं. अंधेरीच्या एका ऑफिसात रोज साठ माणसांचं जेवण जायचं. गेल्या महिन्यात त्याने ते काम गुपचूप स्वतःच्या एकट्याच्या नावावर करून घेतलं. "वहिनीला आता झेपत नाही," असं सांगितलं म्हणे तिथे. मी सत्तेचाळीस वर्षांची आहे!

स्वयंपाकाला दुसरी बाई ठेवली आणि जेवण गरम ठेवायच्या पेट्याही उचलून नेल्या, मेणाच्या पट्ट्यांसकट. तापमान दाखवणारा काटा असलेल्या या पट्ट्या सकाळी उकळत्या पाण्यात ठेवायच्या. आतलं मेण वितळताना उष्णता पोटात घेतं आणि पेटीत हळूहळू गोठताना ती जेवणाला देतं. दुपारी एक वाजता आमटीतून वाफ यायची, ती त्या मेणाच्या जिवावर. पट्ट्या तापवायचे मी. साहेब तेव्हा घोरत पडलेले असायचे.

पहिल्याच सोमवारी सकाळी त्याचा फोन आला.

"वहिनी, पट्टीचा काटा झपकन वर गेला गं, आणि आता अठ्ठावन्नवर थांबलाय. हलतच नाय. झाल्या ना तापून? काढू?"

काटा अठ्ठावन्नवर थांबतो तेव्हा मेण नुकतं कुठे वितळायला लागलेलं असतं. सगळं वितळेपर्यंत, चांगली चाळीस मिनिटं, तो तिथेच अडून बसतो. पुन्हा चढायला लागला की मग पट्टी काढायची. 'थांब' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"काम तुझं आहे ना? मग तूच ठरव," मी म्हटलं.

फोन ठेवला आणि चहा टाकला. इतका गोड चहा कित्येक दिवसांत प्यायले नव्हते.

गुरुवारी ऑफिसातल्या अनुपमा मॅडमचा फोन आला. "सुगंधाताई, वरणावर तूप थिजलेलं असतं हो. नितेशना बंद केलंय आम्ही. सोमवारपासून तुम्ही द्याल जेवण?" मी लगेच हो म्हटलं.

संध्याकाळी पेट्या घेऊन नितेश दारात उभा.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू बोलली नाहीस? माझी वाट लागली, वहिनी."

"मग? तू माझी लावलीस तेव्हा मला विचारलं होतंस?"

त्याने पेट्या उंबऱ्याशी ठेवल्या. मान खाली घातली की अगदी त्याच्या भावासारखा दिसतो मेला. दया आली मला, खोटं कशाला बोलू. पण ती मी गिळली.

"सोमवारपासून पहाटे पाचला ये. पातेल्यापाशी उभं राहायचं, काटा हलेपर्यंत."

"चाळीस मिनिटं उभा?"

घरात दोन स्टुलं होती. दोन्ही मी माळ्यावर टाकली.