सुजेवरची गोळी

रविवारी चर्चमधून सगळे घरी आले, तेव्हा डेस्मन लंगडत होता. आदल्या दिवशीच्या सामन्यात घोटा दुखावला होता. अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात पुढच्या फळीत उभं राहून धडका देणारं सव्वाशे किलोचं हे धूड आईसमोर, वर्लीनसमोर, आलं की अगदी लहान लेकरू होई.

"केवढा सुजलाय रे!" वर्लीन कळवळली. तिला रक्तदाब होता. पाय सुजले की ती डॉक्टरांनी दिलेली गोळी घेई. लघवी होऊन सूज उतरे. त्यातलीच एक तिनं माशाच्या ताटाशी ठेवली. डेस्मननं न विचारता गिळली. आईनं दिलेलं कोण विचारून खातं?

त्याच आठवड्यात कॉलेजच्या संघाची लघवी तपासली गेली. निकाल आला तसा प्रशिक्षक हॉलब्रुकनी वर्लीनला फोन केला.

"बाई, डेस्मनच्या लघवीत बंदी असलेलं औषध सापडलंय. पोरं आधी ताकदीची इंजेक्शनं घेतात, मग ती धुऊन काढायला हे खातात. कुणी दिलं विचारलं तर म्हणतो, जिममधल्या एकानं. नाव सांगत नाही."

"औषधाचं नाव काय?"

त्यांनी सांगितलं. खिडकीतल्या तिच्या गोळ्यांच्या बाटलीवर तेच नाव होतं. बाटली पिशवीत टाकून तिनं गाडी काढली.

हॉलब्रुकच्या खोलीबाहेर डेस्मन मान खाली घालून बसला होता.

"खोटं का बोललास?"

"मग काय सांगू? मम्मानं दिली? चर्चमधल्या बायका तुला जगू देतील?"

"त्या भवान्यांचं मी बघते. माझ्या लेकाला लोक नशेबाज म्हणतील, ते ऐकून घेऊ?"

चौकशीत तिनं सगळं सांगितलं. लोकांना ते पटलंही. डेस्मनवरचा डाग पुसला गेला. पण नियम म्हणजे नियम, गिळणाऱ्यानं भोगायचं. वर्षभर खेळायचं नाही. आणि डेस्मनचं कॉलेजातलं हे शेवटचंच वर्ष.

"तुझं वर्ष खाल्लं रे मी," परतताना ती रडायला लागली.

"गप गं. इतकी वर्षं मी तुझं घर खाल्लं, तेव्हा बोललीस का?"

पुढच्या सामन्याला तो साध्या कपड्यांत तिच्याशेजारी बसला. त्याच्या जागी एक कोवळा पोरगा खेळत होता. दोघा आडदांडांनी त्याला असं आपटलं की तो उठेचना. वर्लीन ताडकन उभी राहिली आणि सवयीनं किंचाळली, "डेस्मन!"

मोठ्या पंजानं तिचं मनगट धरलं. "मम्मा, मी इथंय."

ती मटकन बसली. खाली पोरगा अजून पडलेलाच होता, लेकाचं वर्ष तिच्याच हातानं मातीत गेलं होतं, आणि तरी तिचा जीव भांड्यात पडला. त्याची तिला फार लाज वाटली.