तारावाच्या विहिरीतलं गोडं पाणी

मी एक विहीर बोलतेय. खोली म्हणाल तर उभ्या माणसाच्या गळ्याइतकी, आणि घमेंड म्हणाल तर अख्ख्या तारावा बेटाला पुरेल एवढी. माझ्या एका हाताला उसळता समुद्र, दुसऱ्या हाताला उथळ, शांत समुद्र. मधल्या चिंचोळ्या पट्टीत मी, माड आणि माणसंच माणसं.

माझ्या मालकिणीच्या, तेरेंगाच्या, सासऱ्यांनी प्रवाळाचा दगड फोडून मला खणलं. पावसाचं पाणी माझ्यात सायीसारखं तरंगतं, खाली सगळा समुद्रच. बादलीनं सावकाश उपसलं तर साय टिकते, घाई केली की खारं वर येतं.

यंदा पाऊस फिरकलाच नाही. लांबच्या बेटांवरच्या विहिरी खारावल्या आणि तिथली माणसं बिऱ्हाडं घेऊन इथे आली. त्यातलाच एक तेरेंगाचा चुलतभाऊ बौरो. एका सकाळी तो बायकोला आणि डिझेलचा पंप घेऊन दारात उभा राहिला.

"ताई, मागायला आलोय. पिंपं भरून पाणी दे."

आमच्याकडे नात्यातल्यानं तोंड उघडून मागितलं की नाही म्हणता येत नाही. म्हणालात, तर गावाच्या सभाघरात तोंड दाखवायची सोय उरत नाही. तेरेंगाच्या कडेवर तापानं फणफणलेलं पोर होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "घे."

मला तिचा भयंकर राग आला.

पंप घरघरला. माझं पाणी भराभर उतरू लागलं. तळातून खारं चढतंय हे मला कळत होतं, पण विहिरीनं ओरडायचं कसं? तेवढ्यात तेरेंगानं पिंपात बोट बुडवून जिभेला लावलं. तिचा चेहरा उतरला.

"बौरो, आता मी मागते. तुझा पंप मला दे."

"चेष्टा करतेस का, ताई?"

"नात्यातली आहे ना मी? मग मागितलं."

बौरोची बायको म्हणाली, "द्या आता. मागायला काय तुम्हालाच येतं?"

त्यानं पंप बंद करून तिच्या पायाशी ठेवला. "माझी पोरं काय पितील गं?"

"माझं पितं तेच. बादली घेऊन ये रोज."

तो येतो. पण पाऊस अजून नाही आणि माझं पाणी मचूळ झालंय. तेरेंगा आधी स्वतः चाखते, मगच पोराला पाजते. आज तिनं घोट घेतला आणि वाटी माझ्यातच रिकामी करून घरात गेली. आतून पोर रडतंय.

मला थोडे दिवस उपसू नका. पाऊस आला तर मी पुन्हा गोड होईन. तोवर त्या पोराला कुणीतरी पाणी द्या.